द्राक्ष गटाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र : चिठ्ठ्यांची पेटी उचला

प्रति,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य, कार्यकारी मंडळ,
आपला द्राक्ष बागायतदार चर्चा गट,
ता. निफाड, जि. नाशिक

स. न. वि. वि.

गटाचं नाव वर मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांनी आपापल्या गावचा गट डोळ्यांसमोर आणावा. पिंपळगावापासून वणीपर्यंत आणि उगावापासून चांदवडपर्यंत असे गट गावोगाव आहेत, आणि आपल्याकडे जे झालं ते उद्या त्यांच्याकडेही होऊ शकतं.

अध्यक्ष नाना, हे पत्र असं चारचौघांत लिहायची माझी इच्छा नव्हती. ऑगस्टच्या सभेनंतर चौथ्या दिवशी दोन पानी अर्ज तुमच्या ओट्यावर बसून तुमच्याच हातात दिला होता. पोच मिळाली, चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. आता पितृपक्ष संपला की छाटण्यांना जोर येईल. काडीचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावणारी मजुरांची टोळी कधी येते याच्या पलीकडे कोणाला काही सुचणार नाही. मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), मग विरळणी (घडातले जादा मणी काढणं), मग व्यापारी. मार्चमध्ये मान वर करू तेव्हा नवा रिवाज जुना होऊन बसलेला असेल. म्हणून आत्ताच लिहितोय.

मंडळानं तीन गोष्टी ठरवल्या. एक, सभेत उभं राहून प्रश्न विचारायचा नाही. चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा, आणि मंडळ निवडेल तेवढेच प्रश्न वाचले जातील. दोन, सभेचं सूत्रसंचालन यापुढे प्रायोजक कंपनीचे कृषी सल्लागार करतील. तीन, आपल्या एका सभासद ताईंना ‘सभेचे वातावरण बिघडवल्याबद्दल’ सहा महिने सभेला यायला मनाई.

या सभेत माझं काय अडकलंय तेही सांगतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री आठ वाजता, सोसायटीच्या गोदामात, खताच्या गोण्या एका अंगाला सारून, अकरा वर्षं मी ही सभा चालवली. मानधन नव्हतं आणि मागितलंही नाही. माझी बाग साडेचार एकर, त्यात तीन एकर थॉमसन वाणाची आणि बाकी शरदची. ज्ञानाच्या बाबतीत गटात माझ्याहून हुशार निदान वीसजण आहेत. माझं काम पंगतीतल्या वाढप्याचं होतं. कोणाचं पान रिकामं आहे ते बघायचं, जो सारखा मागतो त्याला थोडं थांबवायचं, आणि आपण मधेच ताट घेऊन बसायचं नाही. हे काम माझ्याकडून काढून घेतलं याचं मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण तेवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

ऑगस्टच्या सभेत काय झालं, ते जे हजर नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. विषय होता ऑक्टोबर छाटणीनंतरचं डाऊनी या बुरशीच्या रोगाचं नियोजन. तासभर सगळं नेहमीसारखं चाललं. मग ताई उठल्या. तीन एकर बाग त्या सहा वर्षं एकट्या सांभाळतात, फवारणीचा ब्लोअर स्वतः चालवतात. आपल्या नियमाप्रमाणे त्यांनी आधी गाव, वाण, छाटणीची तारीख सांगितली आणि हातातला कागद उलगडला. फेब्रुवारीत निर्यातीसाठी त्यांच्या प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता. अहवालात एक कीटकनाशक निघालं, जे त्यांनी अख्ख्या हंगामात फवारलं नव्हतं. फवारणीची वही सोबत होती, दुकानाची बिलं होती. वापरलेल्या सगळ्या बाटल्यांवर घटक छापलेले होते. फक्त एकीवर नव्हते, आणि ते आपल्याच सभेत, आपल्याच व्यासपीठावरून सांगितलेलं ‘जैविक’ टॉनिक होतं. माल युरोपला जायचा राहिला आणि लोकलच्या भावानं गेला. त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता : “या बाटलीत काय आहे, ते इथं कोणी सांगेल का?”

मागच्या रांगेतून आवाज आला. ते शब्द मी इथं जसेच्या तसे लिहीत नाही, ज्यांनी ऐकलेत त्यांना आठवत असतील. सार असं की फवारणीतलं बाईमाणसाला काय कळतं, आणि नवरा गेला तेव्हाच बाग विकली असती तर आज ही वेळ आली नसती.

हशा झाला. सगळे हसले नाहीत. जे हसले नाहीत ते गप्प राहिले, आणि त्यांच्यात मीही होतो. माइक माझ्या हातात होता आणि मी निदान अर्धा मिनिट काही बोललो नाही. अकरा वर्षांत असा प्रसंग दहादा हाताळला असेल, पण त्या दिवशी समोरच्या खुर्चीत प्रायोजक बसलेले होते आणि माझ्या डोक्यात दुसराच हिशेब चालू होता. मी तोंड उघडलं तोवर ताईंचा आवाज चढला होता : “आधी रिपोर्ट वाचा, मग बोला.” मग चारजण उभे राहिले, खुर्च्या सरकल्या, कोणीतरी ‘बसा, बसा’ म्हणता म्हणता स्वतःच ओरडू लागलं आणि सभा संपली. त्या अर्ध्या मिनिटाचा दोष माझा आहे. त्याबद्दल मी ताईंच्या घरी जाऊन माफी मागून आलो, आणि इथं सगळ्यांसमोर पुन्हा मागतो.

पण नाना, वातावरण बिघडवलं कोणी? नोटीस कोणाला गेली आणि कोणाला नाही गेली, हे तुम्ही एकदा मोठ्यानं वाचून बघा.

पहिली तक्रार, तुम्ही चढलेला आवाज आणि अपमान यांची गल्लत केलीत. एकरी लाखोंचा खर्च मातीत घालून बसलेला माणूस दरवेळी आकाशवाणीवर बोलल्यासारखा बोलणार नाही. आवाज चढेल, हातवारे होतील. बागलाणकडचे सभासद एरवी बोलतात तेही आमच्याकडच्यांना भांडल्यासारखं वाटतं. (त्यांना आमच्याबद्दल नेमकं तसंच वाटतं.) त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते बोलणं बागेवरून बागायतदारावर गेलं की. ‘तुमचा डोस चुकला’ हे वाक्य कितीही जोरात म्हटलं तरी चालतं. ‘तुमची अक्कल चुकली’ हे हळू आवाजात म्हटलं तरी चालत नाही. आपल्या सभेचा हा सगळ्यात जुना नियम, गोदामाच्या दारामागं खडूनं लिहिलेला होता. मध्यंतरी रंग देताना पुसला गेला आणि परत कोणी लिहिला नाही, मीसुद्धा नाही.

दुसरी तक्रार चिठ्ठ्यांची, आणि इथं मला जरा सविस्तर बोलायचंय.

चिठ्ठी आली की भांडण संपेल, असं मंडळाला वाटतं. आपल्या सभेत भांडणं कशी सुरू होतात ते मी अकरा वर्षं जवळून बघितलंय. निम्म्याहून जास्त भांडणांत दोघांचंही बरोबर असतं. एकजण म्हणतो, पाऊस झाला की लगेच अमुक फवारा. दुसरा म्हणतो, मी तेच फवारलं आणि माझ्या घडांची वाट लागली. दोघंही शपथेवर सांगतात, दोघंही खरं सांगतात. एकाची छाटणी 20 सप्टेंबरची असते आणि दुसऱ्याची 15 ऑक्टोबरची. नोव्हेंबर उजाडतो तेव्हा पहिल्याची बाग फुलोऱ्यात असते आणि दुसऱ्याच्या बागेत जेमतेम पाच पानं फुटलेली असतात. पाऊस तोच असला तरी एकाला गळ आणि कुजीची धास्ती, दुसऱ्याला पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत, डाऊनी शिरायची. म्हणून आपण नियम केला : नाव, गाव, वाण, बागेचं वय, जमीन काळी की मुरमाड, छाटणीची तारीख, हे सांगितल्याशिवाय प्रश्न नाही आणि सल्लाही नाही. नियम केला तेव्हा लोक वैतागले. ‘काय जन्मपत्रिका मागता का?’ म्हणाले. पण त्या एका नियमानं जेवढी भांडणं मिटवली तेवढी माझ्या हात जोडण्यानं मिटली नाहीत.

एकदा दोन चुलतभाऊ जीए या वाढीच्या संजीवकाच्या मात्रेवरून वीस मिनिटं हमरीतुमरीवर आले होते. घडाच्या पोपटी अवस्थेत दहा पीपीएम पुरे की नाही, यावरून पार वडिलोपार्जित विहिरीपर्यंत गेले. शेवटी मागं बसलेल्या एका अप्पांनी विचारलं, “वाण कोणता रे तुमचा?” एक थॉमसनबद्दल बोलत होता आणि दुसरा शरदबद्दल. अख्खं गोदाम हसलं, ते दोघंही हसले. हे चिठ्ठीवर कसं होणार? चिठ्ठीला उलट प्रश्न विचारता येत नाही. मंडळानं प्रश्न निवडला, सल्लागारांनी उत्तर वाचलं, आणि ऐकणारा आपली वेगळी जमीन, वेगळी तारीख घेऊन घरी जाऊन तेच फवारून मोकळा झाला. भांडण झालं नाही हे खरं, पण बागेत जे व्हायचं ते होणारच आहे.

सभा आवरायची म्हणजे लोकांना गप्प करायचं, असं नव्हे. विधानसभेत सदस्य एकमेकांशी बोलत नाहीत, अध्यक्षांना उद्देशून बोलतात. त्यामागं शिष्टाचारापेक्षा व्यवहार जास्त आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोललं की जीभ सैल सुटते, मधे तिसरा माणूस ठेवला की वाक्य आपोआप घडी घालून येतं. हेन्री रॉबर्ट नावाच्या एका अमेरिकन लष्करी इंजिनिअरवर 1863 साली अचानक एक सभा चालवायची वेळ आली आणि ती त्याला आवरली नाही. त्या नामुष्कीतून अभ्यास करत त्यानं 1876 मध्ये सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं, आणि ते अजून चालतं. मला एवढी मोठी नामुष्की पुरली नाही, मी छोट्या छोट्या वीसेक नामुष्क्यांतून शिकलो. भांडणारे दोघं समोरासमोर बसवायचे नाहीत, एकाच रांगेत चार खुर्च्या सोडून बसवायचे. रागावलेल्या माणसाला सभेआधी बाहेर मोटरसायकलपाशी गाठून पाच मिनिटं ऐकून घ्यायचं, म्हणजे आत निम्मंच उरतं. तिखट प्रश्न आला तर तोच प्रश्न थंड शब्दांत आपण परत म्हणायचा आणि विचारणाऱ्याला ‘असंच ना?’ म्हणायचं. जो आज बोललेला नाही त्याला आधी माइक. आणि वायरचा माइक आणायचा, बिनवायरचा नाही, कारण वायरचा माइक पळवता येत नाही. अगदीच तापलं तर चहा दहा मिनिटं आधी सांगायचा. यातलं काहीही पेटीत बसत नाही.

तिसरी तक्रार प्रायोजकांची. गटाला पैसा लागतो, मान्य आहे. शिवारफेरीला जीप लागते, पुण्याहून पाहुणे आणायचे तर खर्च येतो. प्रायोजक नको असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण आपलाच नियम आहे की, जो औषध सुचवेल त्यानं आधी सांगायचं : माझं दुकान आहे का, भावाची एजन्सी आहे का, कमिशन मिळतं का. हे सांगितल्यावर त्याचं म्हणणं आपण ऐकून घेतोच, कधी कधी तेच बरोबरही असतं. आता जो माल विकतो त्याच्याच हातात माइक दिला, तर त्यानं हे कोणाला सांगायचं? आणि ताईंच्या त्या एका ओळीच्या प्रश्नाची चिठ्ठी कोण वाचणार?

कारण तो प्रश्न अजून जिथल्या तिथं आहे. बाटलीत काय आहे हे छापणं ही कंपनीची मेहरबानी नाही. कीटकनाशकांसाठी 1968 चा कायदा आहे. वाढीला उत्तेजन देणारी ही टॉनिकं 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली. आणि ज्या औषधाच्या फळातल्या अंशाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोला 0.01 मिलिग्रॅमचा सरसकट नियम लागतो, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. एवढ्याशा अंशावरून कंटेनर अडतो. तिथं ‘आतमध्ये काय आहे’ हा प्रश्न वातावरण बिघडवणारा कसा? मी कंपनीवर आरोप करत नाही, ताईंनीही केला नव्हता. त्यांनी विचारलं होतं.

चौथी तक्रार थोडक्यात. गटाच्या घटनेत सभासदावर कारवाईआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची तरतूद आहे. ताईंना कोणी बोलावलं नाही. मागच्या रांगेतल्या त्या सद्‌गृहस्थांना कोणी साधा फोन केला नाही. तो मंडळातल्या एकाचा मेहुणा आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे, त्यामुळे त्यावर मी जास्त लिहीत नाही.

सचिव भाऊ, आता तुमच्या थिनिंगच्या, म्हणजे विरळणीच्या, दृष्टांताबद्दल. मंडळाच्या बैठकीत तुम्ही म्हणालात म्हणे, “चार मणी काढले की घड सुधारतो.” टाळ्याही पडल्या असं कळलं. भाऊ, विरळणी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त केलीय. आपण कात्रीनं काढतो ते बारके, आत दबलेले मणी. ते वाईट असतात म्हणून काढत नाही, बाकीच्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून काढतो. घड नासतो तो तडकलेल्या मण्यानं. तो बाहेरच्या बाजूला, चांगला टपोरा, सगळ्यांना दिसणारा असतो, आणि त्याचा रस आजूबाजूच्या मण्यांवर उतरला की पेटीत भरेपर्यंत वास येतो. तुम्ही काढलात तो मणी बारीक होता. तडकलेला अजून घडातच आहे. तुमचाच दृष्टांत आहे, म्हणून बोललो.

आता ही सभा मोकळी राहावी असा माझा एवढा हट्ट का, त्याची गोष्ट.

2009 च्या मे महिन्यातली सभा. तेव्हा मी सूत्रसंचालक नव्हतो, मागच्या रांगेत बसून शेरे मारणाऱ्यांपैकी होतो. उन्हाळ्यातली खरड छाटणी झालेली, सगळ्यांच्या बागा जोरात निघालेल्या, आणि चर्चा सीसीसी या वाढरोधकाची. शेंडा आवरायला, काडीत घड धरायला बहुतेकजण ते मारायचे. कृषीचं शिक्षण घेऊन नुकताच परतलेला एक मुलगा उठला आणि विचारलं, “हे झाडात किती दिवस राहतं? पुढच्या फळात उतरत नाही ना?” आम्ही हसलो. मी तर काहीतरी बोललोही, ‘कॉलेजात झाडं पाटीवर उगवतात’ असं काहीसं. मोठा हशा मिळाला होता. त्यानंतर तो मुलगा दोन-तीन सभांना आला, बोलला नाही, आणि मग यायचा बंद झाला.

2010 च्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले, म्हणजे तेच सीसीसी. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झोडपून गेलेला, त्यातून वाचलेला माल असा बंदरावर अडला. नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांत त्या वर्षी काय काय झालं, ते इथं सांगायची गरज नाही. त्या मुलाच्या प्रश्नाला आम्ही नीट उत्तर दिलं असतं तर कंटेनर वाचले असते, असं मी म्हणत नाही. आमच्यापैकी कोणाला उत्तर येतच नव्हतं. पण ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणायला आमचं काय जात होतं? पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे. एक पत्र, एक फोन, एवढाच खर्च होता. आम्ही त्याऐवजी हसलो. पुढं 2013 मध्ये सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, तेव्हा मी ते घेतलं त्याचं खरं कारण हे आहे. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि याच सभेची दुसरी बाजूही मी पाहिलीय. 2019 च्या ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरात तो न थांबणारा पाऊस झाला. निम्म्या जिल्ह्यात डाऊनी, गळ, कुज. काहींनी बागा सोडून दिल्या, फवारायलाही आत जाता येईना, ट्रॅक्टर रुतत होते. त्या महिन्याच्या सभेला कोणी येईल असं वाटलं नव्हतं, आणि गोदाम भरलं. पहिले उठले ते एक तात्या, गटातले सगळ्यात जाणते, ज्यांच्या बागेत लोक शिकायला जातात. ते म्हणाले, “माझं चुकलं. दिवाळीचे पाहुणे होते म्हणून एक फवारणी दोन दिवस पुढं ढकलली.” त्यानंतर एकेकजण उठत गेला. कोणी पाण्याचा सामू न मोजता औषध कालवलं होतं, कोणी एकच औषध लागोपाठ चार वेळा मारलं होतं, कोणी दुकानदारानं दिलं ते लेबल न वाचता टाकीत ओतलं होतं. रात्री साडेअकरापर्यंत सभा चालली. कोणी कोणाला हसलं नाही. त्या रात्री लिहून घेतलेली सोळा पानं माझ्या वहीत आहेत, आणि पुढच्या वर्षी छाटणीआधी ती कितीजणांनी झेरॉक्स करून नेली ते सचिव भाऊंना आठवत असेल.

आपल्या धंद्यात नवं औषध कोणतं आलं हे दुकानात कळतं, भाव मोबाइलवर कळतो. पण दुसऱ्याचं कुठं चुकलं, हे फक्त त्यानं स्वतःहून सांगितलं तरच कळतं. आणि हसण्यावारी नेणार नाहीत, उखाळ्यापाखाळ्या काढणार नाहीत, एवढी खात्री असल्याशिवाय कोणीही आपली चूक चाळीस लोकांसमोर सांगत नाही. राज्याचा द्राक्ष बागायतदार संघ 1960 साली उभा राहिला. संशोधन केंद्र व्हायला त्यानंतर 37 वर्षं गेली. मधल्या काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी बागा शिकल्या त्या एकमेकांच्या बांधावर उभं राहून, एकमेकांची फसलेली बाग बघून. आपल्या नाशिकला 1840 पासून सार्वजनिक वाचनालय आहे, गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते, माणसं तास तास बसून न पटणारं बोलणंही ऐकून घेतात. दीड तासाची द्राक्षाची सभा आपल्याला जमू नये?

मी फार चांगली सभा चालवायचो असा माझा दावा नाही. एकदा वेळेच्या नादात एका आबांचं बोलणं दोनदा तोडलं. ते ऐंशीच्या घरातले, मूळ मुद्द्यावर यायला वेळ घ्यायचे. ते पुन्हा आले नाहीत आणि पुढच्या वर्षी वारले. काहीजणांना मी जास्त माइक देतो अशी कुरबुर होती, ती खरी असावी. चांगलं बोलणारा माणूस मला आवडतो आणि त्याला मी थांबवत नाही. तेव्हा मला बदलायला माझी अजिबात हरकत नाही. कोणाला बसवलं, याला हरकत आहे.

मागण्या अशा :

1. चिठ्ठ्यांची पेटी उचला आणि उभं राहून प्रश्न विचारायची पद्धत पुन्हा सुरू करा. ज्यांना बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी चिठ्ठी जरूर ठेवा, पण आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचा.

2. ताईंवरची मनाई मागे घ्या, तीही लेखी, आणि ज्या सभेत नोटीस वाचली तशाच सभेत वाचून. त्यांच्या बाटलीचा प्रश्न गटाच्या नावानं कंपनीला आणि कृषी विभागाला लेखी विचारा. उत्तर येईल ते सभेत वाचा, कंपनीच्या बाजूचं आलं तरी.

3. मागच्या रांगेतल्या सभासदानं शब्द मागे घ्यावेत. पाया पडून माफी वगैरे तमाशा नको. ‘ते मी बोलायला नको होतं’ एवढं माइकवर म्हटलं तरी पुरे. ताईंनाही तेवढंच हवंय, मी विचारलंय.

4. सभेचे नियम कागदावर आणा आणि दारामागं परत लिहा. कोणी मोडले तर पहिल्यांदा सूचना, दुसऱ्यांदा त्या सभेपुरता माइक नाही, तिसऱ्यांदा दोन सभा बाहेर. यापेक्षा मोठी कारवाई दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय नाही. मंडळाच्या सदस्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांनाही हेच.

5. सूत्रसंचालक सभासदांमधून निवडा. दोघं असावेत, एका वर्षासाठी, मंडळाबाहेरचे, आणि ज्यांचं औषधाचं दुकान किंवा एजन्सी नाही असे. दोघांत एक बाई असावी असं माझं मत आहे, मतच म्हणून लिहितो. मी उभा राहणार नाही.

6. प्रायोजकांना सभेनंतर चहाच्या वेळी बाहेर टेबल मांडू द्या. माइक नको.

7. इतिवृत्तात ठरावांबरोबर विचारलेले प्रश्नही लिहा, उत्तर मिळालं नसेल तर तसं.

यातली एकही मागणी पैशाची नाही. पेटीला मात्र साडेआठशे रुपये लागले, असं खर्चाच्या तक्त्यात दिसतं.

मंडळातल्या कोणाशीही माझं वैर नाही. नाना, तुमच्या बागेतून आणलेल्या काड्यांवर माझा शरदचा प्लॉट उभा आहे, हे मी कुठंही सांगतो. या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर असंच उघड द्या. माझं कुठं चुकलं असेल तर तेही लिहा, मी सभेत उभा राहून वाचून दाखवीन.

पुढचा दुसरा मंगळवार छाटण्यांच्या आधीचा शेवटचा आहे. मी आठला गोदामात येतोय. अकरा वर्षांच्या सात वह्या बरोबर आणतो, त्या गटाच्या आहेत. माइकची बारा मीटर वायरही माझ्याकडेच राहिलीय, तीसुद्धा गटाच्या पैशांची. पेटी असो वा नसो, ती जमा करून पावती घेईन.

आपला,
मंगळवारच्या सभेचा माजी सूत्रसंचालक
ता. निफाड, जि. नाशिक